कातडीखालचा राखणदार : हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या चिपबद्दल सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या एका हॉस्पिटलात ईसीजी आणि होल्टरच्या (अंगावर बांधून एक-दोन दिवस ठोके नोंदवणाऱ्या यंत्राच्या) खोलीत माझी बरीच वर्षं गेली. आता निवृत्त आहे, तरी खानापूर, निपाणी, संकेश्वर, चंदगडकडून फोन येतच असतात. "डॉक्टरांनी छातीत चिप बसवायला सांगितलंय, बसवू काय?" इथपासून सुरुवात होते. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांना काय विचारायचं ते इथे नक्की कळेल.

ही चिप म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर तिला लूप रेकॉर्डर म्हणतात. पेनड्राइव्हपेक्षाही बारीक, साधारण साडेचार सेंटिमीटर लांब, वजन अडीच-तीन ग्रॅम. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या अंगाला, कातडीच्या लगेच खाली ती सरकवतात. हृदयाच्या आत तिचं काही जात नाही आणि तिला तारा नसतात. दोन्ही टोकांना एकेक बारीक इलेक्ट्रोड असतो, त्यांच्यावर ती दिवसरात्र ठोके टिपत राहते.

'लूप' म्हणायचं कारण असं, की ती सगळं कायमचं साठवत नाही. जुनं पुसायचं, नवं लिहायचं, हे चक्र चालू राहतं. ठोके फार मंद झाले, फार जलद झाले, मध्येच काही सेकंद थांबले किंवा बेताल झाले, की तेवढा तुकडा ती जपून ठेवते. शिवाय तुम्हाला एक बटण देतात, काही मॉडेलांत मोबाईलवरच असतं. चक्कर आली की ते दाबायचं. दाबण्याच्या आधीची काही मिनिटंही त्यात राहतात, आणि ही खुबी मला सगळ्यात मोलाची वाटते. पडलेला माणूस शुद्धीवर आल्यावर बटण दाबतो, तरी पडतानाचं सापडतं.

म्हणजे पेसमेकरच ना?

नाही. निम्मे फोन याच गैरसमजातून येतात. पेसमेकर हृदयाला ठोका देतो. ही चिप काहीच देत नाही, नुसतं बघते. आमच्याकडे जंगलाकडेच्या शेतात माळ्यावर राखणदार बसतो. गवे किती वाजता आले, कुठून शिरले, किती होते हे सकाळी सांगणारा, पण हाकलायला न उतरणारा एखादा राखणदार डोळ्यांपुढे आणा. चिप बसवली म्हणून चक्कर थांबणार नाही. ती का येते हे कळेल, आणि उपाय त्यानंतर.

होल्टर लावला होता, रिपोर्ट नॉर्मल आला. मग परत हे कशाला?

होल्टर २४ किंवा ४८ तास असतो. तुम्हाला चक्कर येते वर्षातून दोनदा. नेमक्या त्याच दोन दिवसांत ती यावी ही अपेक्षाच चुकीची. नॉर्मल होल्टरचा अर्थ एवढाच, की त्या दोन दिवसांत काही झालं नाही. हा कागद छातीशी धरून "आपल्याला काही नाही" म्हणत घरी गेलेले आणि महिन्याने टाके घालून परत आलेले लोक मी पाहिलेत.

तक्रार रोजची असेल तर होल्टर पुरतो. आठवड्या-पंधरवड्याने होत असेल तर छातीला चिकटवायचा पॅच चौदा दिवसांपर्यंत चालतो. महिनोन्महिने काही नाही आणि मग अचानक कोसळणं, असं असेल तिथे कातडीखालची चिप.

गंमत म्हणून सांगतो. होल्टर हे नाव अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांचं. १९४०च्या दशकात त्यांनी पहिलं चालतं-फिरतं यंत्र केलं, ते पाठीवर बांधून न्यावं लागायचं आणि वजन होतं ३८ किलोच्या आसपास. होल्टरचा डबा गळ्यात जड होतो म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी हे हमखास ऐकवायचो.

आईला चक्कर येते. सरळ चिपच बसवू का?

थांबा. आधी साधी कामं झालीत का बघा. बारा लीडचा ईसीजी, टू-डी इको, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि साखर. आणि एक तपासणी, जिला पैसा लागत नाही म्हणूनच बहुधा ती होत नाही : झोपवून बीपी, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत बीपी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर घेरीचं कारण तिथेच असू शकतं. बीपीच्या दोन-तीन गोळ्या, उन्हातली भांगलण आणि घोटभर चहावर काढलेली सकाळ, एवढ्यावर आमच्या कितीतरी बायका बांधावर आडव्या होतात. त्यांना चिपची गरज नसते.

उलट काही लक्षणांत वाट बघत बसायचं नसतं. पळताना किंवा ओझं उचलताना शुद्ध जाणं, झोपल्या जागी शुद्ध जाणं, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं असणं, ईसीजीत आधीच दोष असणं, यातलं काहीही असेल तर लगेच हृदयरोगतज्ज्ञ गाठा. हृदयाची पंपिंग बरीच कमी असेल तर डॉक्टर नोंद ठेवणाऱ्या चिपऐवजी झटका देणाऱ्या यंत्राचा विचार करतात. तो विषय वेगळा.

आम्हाला तर 'फिट येते' असं सांगितलंय. गोळ्याही चालू आहेत.

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हृदय काही सेकंद थांबलं की मेंदूला रक्त मिळत नाही, माणूस पडतो, आणि पडल्यावर त्याचे हातपाय झटके देऊ शकतात. बघणारे म्हणतात फिट आली. कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडतं, कुणी देवर्षीकडे नेतं. डॉक्टरसुद्धा घरच्यांच्या सांगण्यावरच चालतात, त्यांनी ते पाहिलेलं नसतं.

जांबोटीकडच्या एक मावशी होत्या. चार वर्षं फिटच्या गोळ्या, तरी पाच-सहा महिन्यांनी पडायच्याच. चुलीजवळ पडून एकदा हात भाजला. "काय होऊलालंय कळंना," एवढंच म्हणायच्या. शेवटी चिप बसली. सातव्या महिन्यात परड्यात पडल्या, आणि कागदावर सरळ रेघ आली, सात सेकंदांची. सात सेकंद हृदयाचा ठोकाच नव्हता. पेसमेकर बसला, आणि मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या.

म्हणून फिटच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका, खऱ्या फिटमध्ये ते जिवावर बेतू शकतं. फक्त गोळ्या नीट घेऊनही पडणं चालूच असेल, तर "हृदयाकडून बघायचं का?" एवढं विचारा. पुढच्या वेळी घरातल्या पोराने मोबाईलवर व्हिडिओ काढला तर तोही दाखवा. चेहरा पांढराफटक पडला का निळा झाला, किती वेळात शुद्ध आली, जीभ चावली का, यातून डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

वडिलांना लकवा मारला. त्यांना कधी चक्कर आली नाही. त्यांना चिप कशाला सांगितली?

लकव्याच्या काही रुग्णांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. अशा वेळी संशय असतो एट्रियल फिब्रिलेशनचा, सगळे डॉक्टर त्याला 'एएफ' म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे तालात न आकसता नुसते थरथरतात, रक्त साचतं, गुठळी होते आणि मेंदूत जाऊन अडकते. हा बेतालपणा अधूनमधून येतो-जातो, पुष्कळांना जाणवतही नाही.

२०१४ साली क्रिस्टल-एएफ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, असेच कारण न सापडलेले ४४१ रुग्ण त्यात होते. वर्षभरात चिप बसवलेल्यांपैकी १२.४ टक्के लोकांत एएफ सापडलं, नेहमीच्या तपासण्यांवर ठेवलेल्यांत २ टक्के. एएफ सापडलं तर उपचार बदलतो : ॲस्पिरिनसारख्या गोळीऐवजी गुठळी रोखणारी, रक्त पातळ करणारी गोळी बहुतेकांना सुरू होते. त्यासाठीच हा खटाटोप.

मग साठी ओलांडलेल्या सगळ्यांनीच बसवून घ्यावी का?

माझं मत, नाही. डेन्मार्कमध्ये सत्तर ते नव्वद वयाच्या, लकव्याचा धोका असलेल्या ६,००४ लोकांवर 'लूप' नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला. चिपवाल्यांत एएफ जवळजवळ ३२ टक्क्यांना सापडलं, बाकीच्यांत १२ टक्क्यांना. गोळ्याही त्याप्रमाणे जास्त लोकांना सुरू झाल्या. पण लकव्याचं प्रमाण ठामपणे कमी झालं असं काही म्हणता आलं नाही. तक्रार नसताना, शेजाऱ्याने बसवली म्हणून किंवा विमा आहे म्हणून बसवायची ही वस्तू नव्हे.

ऑपरेशन किती मोठं असतं?

ऑपरेशन म्हणायलाही संकोच वाटावा एवढं. जागा बधिर करतात, सेंटिमीटरभर चीर, चिप आत सरकवली की एखादा टाका किंवा चिकटपट्टी. दहा-पंधरा मिनिटं. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. शंभरात एखाद्याला जखम चिघळते. लाली वाढली, पू आला, ताप आला तर हळद-चुना न लावता परत दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आपणहून बंद करू नका.

शेतातली कामं कधी सुरू करायची?

चालणं-फिरणं दुसऱ्या दिवसापासून. जखम भरेपर्यंत मात्र चिखल, शेण आणि घामाने भिजलेलं कापड तिथे लागू देऊ नका. आमच्या खानापूरकडे जून-जुलैत रोप लावणी असते. दिवसभर चिखलात ओणवं राहायचं, त्यामुळे शक्य असेल तर तारीख लावणीच्या आधी बऱ्यापैकी लवकर घ्या किंवा नंतर. आणि मुख्य म्हणजे चिप बसली तरी चक्कर आहेच. कारण सापडून उपाय होईपर्यंत विहिरीच्या काठावर, झाडावर, ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर नको. खानापूर-बेळगाव रस्त्यावर गाडी चालवताना एक सेकंदाची भोवळ पुरते.

आमच्या गावात रेंज नाही. चिप चालेल का?

चिप चालेल, रिपोर्ट पोचायचा नाही. हे बसवण्याआधी बोलून घ्यायला हवं आणि नेमकं तेच कुणी बोलत नाही.

चिपमधली नोंद हॉस्पिटलपर्यंत जायची ती दोन रस्त्यांनी. एक, उशाशी ठेवायचा डबा, जो रात्री चिपमधली माहिती ओढून मोबाईल नेटवर्कवरून पाठवतो. दोन, तुमच्याच स्मार्टफोनवरचं ॲप, ब्लूटूथने. दोन्हीला रेंज लागते. कणकुंबी, जांबोटी, भीमगडकडच्या वाड्यांत फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं हे कंपनीच्या माणसाला ठाऊक नसतं. त्याला सांगा. ॲपवालं मॉडेल असेल तर बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आल्यावर ॲप उघडून माहिती गेली का बघता येतं. डबावालं असेल तर तालुक्याच्या गावी पाहुण्यांकडे महिन्यातून एक रात्र काढायची, तीही डबा घेऊन. काहीच जमत नसेल तर दर दोन-तीन महिन्यांनी हॉस्पिटलात जाऊन चिप वाचून घ्यायची. मात्र मेमरी मर्यादित असते, भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून मोठी चक्कर आली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात जा.

एका घरात हा डबा मला कपाटात सापडला, खोक्यासकट, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. "मशीन महागाचं हाय, पोरं खेळतील म्हणून ठेवलं आत." अकरा महिने प्लगच लावला नव्हता. राग त्यांचा आला नाही, बसवून घरी पाठवताना दोन मिनिटं बसून न सांगणाऱ्यांचा आला.

तिकडे चोवीस तास कुणी आमचं हृदय बघत बसलेलं असतं का?

नाही. माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथून हॉस्पिटलला सूचना मिळते, आणि कुणीतरी कामाच्या वेळेत ती उघडतं. रविवारी रात्री आलेली नोंद सोमवारी दिसते, कधी त्याहूनही उशिरा. बसवण्याआधी स्पष्ट विचारा : नोंदी कोण बघणार, किती दिवसांनी, आणि काही सापडलं तर फोन कुणाला जाणार? याचं उत्तर "बघतात की आमचे लोक" एवढंच मिळालं तर परत विचारा. उघडून बघणारा नसेल तर ती चिप म्हणजे पत्रं साठलेली टपालपेटी.

खोट्या नोंदीही येतात. कूस बदलताना चिपला ठोका दिसला नाही की ती 'थांबलं' म्हणून लिहिते. मधले चुकार ठोके जास्त असले की 'एएफ' लिहिते. म्हणून यंत्राने लिहिलं ते खरं मानत नाहीत, माणसाने ती रेघ डोळ्यांनी बघावी लागते. माझ्या नोकरीचा अर्धा वेळ असल्या रेघा बघण्यातच गेला.

हार्ट अटॅक आला तर चिप सांगेल ना?

त्यावर अजिबात विसंबू नका. हिचं काम ठोक्यांच्या तालाचं. रक्तवाहिनी बंद पडणं हे वेगळं दुखणं. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं असेल तर बटण दाबत बसू नका, १०८ लावा. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये दिवंगत कानडी अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदय ज्योती योजना सुरू केली, तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलांत ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत द्यायची ती सोय आहे. बेळगाव गाठण्याच्या नादात जवळचं हॉस्पिटल ओलांडून जाऊ नका.

मंगळसूत्र, मोबाईल, डॉल्बी, झटक्याचं कुंपण?

मंगळसूत्र चालतं. जखम भरेपर्यंत वाट्या तिथे घासू नयेत म्हणून जरा आखूड करा किंवा बाजूला घ्या. मोबाईल डाव्या वरच्या खिशात नको, कानाला चालतो. गणपतीतल्या डॉल्बीच्या स्पीकरांत मोठाले लोहचुंबक असतात, त्यांना टेकून नाचू नका, लांबून खुशाल बघा. रानडुकरांसाठी लावलेल्या झटक्याच्या तारेपासून लांबच राहा. शहापूर-वडगावच्या यंत्रमागावर काम करायला हरकत नाही. एमआरआय बहुतेक नव्या चिपांवर करता येतो, फक्त चिपचं कार्ड दाखवा आणि आधी चिप वाचून घ्या, कारण मशीनच्या गोंधळाने मेमरीत कचरा भरतो.

खर्च आणि योजना?

मॉडेलप्रमाणे किंमत बदलते, म्हणून तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा : चिपचा, बसवण्याचा, आणि पुढच्या नोंदी बघण्याचा. खोक्यावर छापलेली कमाल किंमत स्वतः बघा, आणि चिपच्या नंबराचा स्टिकर फाइलला लागलाय याची खात्री करा.

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तर एपीएलवाल्यांना पॅकेजच्या (त्या उपचारासाठी योजनेने ठरवलेल्या रकमेच्या) ३० टक्के, कमाल दीड लाखांपर्यंत मदत आहे. तातडीचा प्रसंग नसेल तर सरकारी हॉस्पिटलचं रेफरल पत्र लागतं, खासगी हॉस्पिटलात आधी भरती होऊन मग पत्र शोधायला निघालात तर हेलपाटेच. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, त्यावरून दोन्हीकडचं राजकारण काय तापलं ते आपण पाहिलंच. रुग्णाने राजकारणात न पडता एवढंच विचारावं : या हॉस्पिटलात, या योजनेत, लूप रेकॉर्डर पॅकेजच्या यादीत आहे का? मंजुरी बसवण्याआधी यावी लागते.

संमतीपत्र कानडीत किंवा इंग्रजीत असतं. सही करायची का?

वाचून दाखवा म्हणायचं. यात लाज कसली? बेळगावच्या हॉस्पिटलांत मराठी बोलणारी सिस्टर किंवा वॉर्डबॉय सापडतोच, आणि आमच्या कानडी सहकाऱ्यांनी मोडक्या मराठीत तासभर बसून समजावलेलं मी पाहिलंय. भाषेवरून बाहेर कितीही भांडणं होवोत, वॉर्डात ती फारशी येत नाहीत. चिपचं ओळखपत्र बहुधा इंग्रजीत असतं, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा.

चक्कर आली की तारीख आणि घड्याळातली वेळ वहीत लिहा, मराठीतच. "अमावास्येच्या आदल्या दिवशी, गुरं सोडायच्या वेळेला" असं सांगितलं की आम्हाला पंचांग शोधावं लागायचं. चिपला घड्याळच कळतं.

बेळगावात करावं की कोल्हापूर, मिरज, गोव्याला जावं?

बसवणं कुठेही होईल. पुढची तीन-चार वर्षं जिथे सहज जाता येईल तिथे करा. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, खानापूरकराला बेळगाव. मेव्हणा ओळखीचा आहे म्हणून पुण्यात बसवलेली चिप वाचायला कुणी परत पुण्याला जात नाही.

किती वर्षं चालते? नंतर काय?

मॉडेलप्रमाणे तीन ते सहा वर्षं. बॅटरी बदलत नाहीत. कारण सापडलं किंवा बॅटरी संपली की तशीच छोटी चीर देऊन काढतात. डॉक्टरांशी बोलून कुणी कुणी आत तशीच राहू देतात.

विचारायला बरं वाटत नाही, पण माणूस गेला तर?

विचारलंत ते बरं केलंत. दफन करायचं असेल तर काही करायला नको. दहन असेल तर चिप आधी काढून घ्यावी लागते, आत लिथियमची बॅटरी असते आणि उष्णतेने ती फुटू शकते. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर तिथेच सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. घरी झाला तर ओळखीच्या डॉक्टरला बोलवा. घरातल्या एकाला हे आधीच सांगून ठेवा, आणि चिपचं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. त्या वेळी सगळ्यात आधी तीच पिशवी उघडली जाते.